पाटण : नावात नगर, कागदात गाव

आधी शब्द धरू. पाटण म्हणजे पट्टण. पट्टण म्हणजे नगर, पेठेचं ठिकाण, जिथं घाटावरचा माल उतरतो आणि कोकणातला चढतो. कोयना आणि केरा या दोन नद्या जिथं मिळतात तिथल्या वस्तीला ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्यानं ते खेडं म्हणून ठेवलेलं नाही. आता गंमत बघा. इंग्रज आला नि गेला, सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, संयुक्त महाराष्ट्र झाला, कोयनेची वीज मुंबईला गेली, पण नावानं नगर असलेलं पाटण कायद्याच्या पुस्तकात ग्रामपंचायतच राहिलं. नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली ती २०१६ साली.

तुम्ही म्हणाल, ग्रामपंचायत असो नायतर नगरपंचायत, आपल्या वस्तीतल्या नळाला पाणी कवा येणार ते सांगा. तेच सांगायचंय. पण त्याला जरा मागून यावं लागेल. डोकी कोण मोजतं, कशी मोजतं आणि मोजल्यावर कुणाला काय मिळतं, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या चळवळीत कविता पुष्कळ झाली, आकडे कमी झाले, असं माझं स्पष्ट मत आहे. कवींनी रागावू नये.

पाटणापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर खाली कऱ्हाड. कोयना तिथं कृष्णेला मिळते. या कऱ्हाडाचं जुनं नाव करहकट. मध्य प्रदेशात भारहुतचा स्तूप आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. त्याच्या दगडावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात एक नाव आहे करहकट निगमाचं. निगम म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्या-कारागिरांची संस्था. राजानं दिलेलं दान नव्हे, सरदारानं दिलेलं नव्हे, गावच्या गावानं मिळून बुद्धाच्या स्तूपाला दिलेलं दान! या खोऱ्याच्या नगरपणाचा माझ्या माहितीतला सर्वांत जुना कागद म्हणा, दगड म्हणा, तो बौद्ध आहे. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात लेणी आहेत तीही बौद्धच. पाटणावरून कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरणारी वाट या कऱ्हाडाला समुद्राशी जोडते. म्हणून सांगतो, नगर ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपल्याला परकं केलं ते गावगाड्यानं.

गावगाड्यात वस्तीला दोन दर्जे. कसबा आणि मौजा. कसब्यात पेठ, शेटे-महाजन, परगण्याची कचेरी. मौज्यात पाटील-कुलकर्णी आणि बलुतं. पण कसबा असो की मौजा, महारवाडा गावकुसाबाहेर तो बाहेरच. वेशीवर राखण, सरकारी टपाल नि पट्टीचा पैसा पुढच्या ठाण्याला पोचवणं, आलेल्या अंमलदाराची बडदास्त, मेलेलं ढोर ओढणं, ही सगळी वतनाची कामं. गाव आणि कचेरी यांच्यामधला जो रस्ता, त्याच्यावर आपलाच बाप चालत होता. अनवाणी. माझा आजा म्हणायचा, "पाटणाची कचेरी म्या शंभरदा बघितली, पर भाईरनंच." कचेरीच्या भिंतीला हात लावायची मुभा नाही आणि कचेरीचा पैसा मात्र याच्या खांद्यावर! व्यवस्थेनं आपल्यावर विश्वास टाकला नाही असं कुणी म्हणू नये. विश्वास टाकला, माणूसपण तेवढं दिलं नाही.

१८४८ साली राजा वारसाविना गेला आणि सातारचं राज्य खालसा झालं. इंग्रजानं तालुके आखले, मामलेदार बसवला. पाटण तालुक्याचं ठाणं झालं. मग १८७२ आणि १८८१ साली शिरगणती झाली, जातवार आणि धर्मवार. पहिल्यांदा महाराचं डोकं सरकारी वहीत चढलं. याच काळात साताऱ्याला, कऱ्हाडला म्युनिसिपालट्या निघाल्या. पण म्युनिसिपालटीत मत कुणाला? जो कर भरील त्याला, ज्याचं घर चौकटीचं त्याला. म्हणजे आपण लोकसंख्येत होतो, मतदारयादीत नव्हतो. मोजलं जाणं आणि मोजदाद करणाऱ्यांत असणं यातला फरक इथं नीट बघून ठेवा. पुढं सगळीकडं हाच लागणार आहे.

हा सातारा जिल्हा बाबासाहेबांच्या लहानपणाचा जिल्हा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव घातलं गेलं. आई भीमाबाई साताऱ्यातच गेली. आणि १९०१ साली वडलांना भेटायला निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनावर उतरली, तेव्हा जात कळल्यावर एक गाडीवान त्यांना घेऊन जायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन, पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, अशा बोलीवर प्रवास झाला. वडील सरकारी कामावर खजिनदार, पोरं इस्त्रीच्या कपड्यात, खिशात पैसे. तरी जिल्ह्याच्या नकाशावर त्यांना रस्ता नव्हता. मसूर आज कऱ्हाड तालुक्यात आहे. पाटणाहून निघाल्यावर अर्ध्या दिवसात तिथं जाऊन येता येतं. कार्यकर्त्यांनी एकदा जाऊन यावं.

मग याच माणसानं १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचं बिल आणलं. १९३२ साली ग्रामपंचायतीच्या बिलावर बोलताना त्यानं सरळ विचारलं की या पंचायतींत अस्पृश्यांचं रक्षण कोण करणार, आणि राखीव प्रतिनिधित्वाशिवाय असल्या पंचायती आम्हाला नकोत असं ठणकावलं. १९४८ साली घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांची त्यानं काय हजेरी घेतली ते तुम्हाला पाठ आहे, मी सांगत बसत नाही. एवढंच ध्यानात घ्या की बाबासाहेबांचा खेड्यावरचा राग हा शहरी माणसाचा नाक मुरडण्याचा राग नव्हता. तो सातारा जिल्ह्याच्या रस्त्यावर शिकलेला होता.

पाटणच्या कचेरीचं महत्त्व इतरांनाही कळत होतंच. १९४२ च्या ऑगस्टात जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, त्यात पाटणही होतं. पुढं पत्रीसरकार आलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली जिल्हा फुटला. उत्तर सातारा नि दक्षिण सातारा. दक्षिणेचा पुढं १९६० साली सांगली जिल्हा झाला. पाटण उत्तरेत राहिलं. सांगली संस्थानची राजधानी होती, तिला जिल्हा मिळाला, १९९८ साली मिरज-कुपवाडसकट महानगरपालिका मिळाली. पाटणाला डोंगर मिळाला.

आता स्वातंत्र्यातले कायदे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. या कायद्यानं लोकसंख्येवर वर्ग पाडले : एक लाखाच्या वर अ वर्ग, चाळीस हजारांच्या वर ब वर्ग, त्याखाली क वर्ग. पाटण या जिन्याच्या पहिल्या पायरीवरही नव्हतं. आणि हे कधी? साठच्या दशकात, जेव्हा राज्याचं गृहमंत्रीपद पाटणच्या आमदाराकडे, बाळासाहेब देसायांकडे होतं. सत्ता पाटणच्या माणसाकडं असणं वेगळं आणि पाटण गावाला दर्जा असणं वेगळं. उलट मला तर वाटतं, ग्रामपंचायत आणि सहकारी सोसायटी ज्याच्या हातात त्याला गाव हे गावच राहिलेलं बरं पडतं. म्युनिसिपालटी झाली की मुख्याधिकारी येतो, दप्तर येतं, दहा तोंडं येतात.

त्याच काळात कोयनेचं धरण झालं. १९५४ च्या सुमाराला काम लागलं, साठीत पाणी अडलं, शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली किंवा पाण्यापायी उठली. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली! धरण आधी, कायदा मागनं. ज्याच्या नावावर जमीन त्याचं नाव भरपाईच्या यादीत. पण ज्याची उपजीविका बलुत्यावर, ज्याच्याकडं जमीन म्हणजे गावकीच्या चाकरीचा तुकडा, त्याचं काय? गाव उठलं म्हणजे त्याचं बलुतंही उठलं. नव्या गावठाणात घराची जागा मिळाली तरी ती पुन्हा कडेलाच. धरणानं गावं बुडवली, गावकूस काही बुडवलं नाही. ते उचलून ठाणे, कुलाबा, सोलापूर, सांगलीकडं नेलं आणि जसंच्या तसं मांडलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं, तालुकाभर घरं पडली. १९८५ ला कोयना अभयारण्य, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक वेळी पाटण तालुक्यातली माणसं हलली. तालुक्याची लोकसंख्या २०११ ला तीन लाखांच्या घरात होती. पण तालुक्याची खरी लोकसंख्या मोजायची तर नुसतं पाटण बघून भागत नाही. मुंबई बघावी लागते.

माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. डोक्यावर पोती वाहणाऱ्यांचा कायदा १९६९ साली झाला तो त्यांच्या लढ्यानं. मशीदबंदर, भाऊचा धक्का, पुढं वाशीचा बाजार, इथं पाटणची पाठ आणि पाटणचं डोकं राबलं. आपले लोक गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालटीच्या सफाईत. बीडीडी चाळीतल्या एका खोलीत चार-चार घरची माणसं. जनगणना झाली की हे लोक मुंबईत मोजले जातात, आणि जत्रा, जमिनीचा तंटा, मयत मात्र गावात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा कितीजण परत आले, त्यांच्यासाठी गावात काय होतं? "मुंबयनं पोट भरलं, पर नाव न्हाय दिलं," हे मी आमच्या वस्तीत अनेक तोंडांतून ऐकलंय. गावात कुलूप लावलेलं घर आणि मुंबईत भाड्याची खोली, दोन्हीकडच्या यादीत अर्धा-अर्धा माणूस.

आता मुद्द्याच्या गाभ्याला हात घालतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आत. १९६१ साली झाले २७,८९,५०१. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत असा आकडा फिरलेला मला तरी ठाऊक नाही. बायाबापड्यांनी मोजणीवाल्या मास्तरला ठासून सांगितलं, "धर्म बौद्ध लिवा." अक्षरओळख नसलेल्या माणसांनी सरकारच्या वहीत स्वतःच्या हातानं नव्हे, पण स्वतःच्या तोंडानं लिहिलेला हा पहिला इतिहास!

पण सरकारी वहीला दोन रकाने होते. बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीच्या रकान्यातून खाली पडला. १९६१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. राज्य सरकारनं शिक्षणात, नोकरीत नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या सवलती नाहीत, विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा नाहीत. आमच्या घरातल्या एका पोराला एका कचेरीतल्या कारकुनानं विचारलं होतं, "धर्म हवा का नोकरी हवी? एक काय ते ठरवून ये." तो माणूस काही फार वाईट नव्हता. कायदाच तसं विचारत होता. १९९० साली घटनेखालच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं गेलं. आकडे बघा : १९८१ ला राज्यात अनुसूचित जाती ४४ लाख ८० हजारांच्या आत, ७.१ टक्के. १९९१ ला ८७ लाख ५७ हजारांवर, ११.१ टक्के. दहा वर्षांत काय दुप्पट पोरं झाली? नाही. माणसं तिथंच होती, रकाना बदलला.

आणि आता नगरपंचायत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ नंतर, खेड्यातून शहराकडं वळणाऱ्या वस्तीसाठी हा मधला दर्जा निघाला. कायद्यात साधारण दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येचं माप. जनगणनावाल्यांचं माप आणखी वेगळं : पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं, आणि कामकरी पुरुषांतले पाऊणजण शेतीबाहेर. म्हणजे एका सरकारला जे नगर ते दुसऱ्याला गाव असू शकतं. २०१४ च्या सुमाराला राज्यानं ठरवलं की जी तालुक्याची ठाणी अजून ग्रामपंचायती आहेत त्यांच्या नगरपंचायती करायच्या. त्यात पाटण, कोरेगाव, मेढा, वडूज, दहिवडी, खंडाळा आले. म्हणजे पाटणाला नगरपण मिळालं ते माणसं वाढली म्हणून कमी, कचेरी आहे म्हणून जास्त. शेवटी मामलेदारच कामाला आला.

यातनं आपलं काय बदललं? एक, ग्रामसभा गेली. ग्रामसभेत कुणीही उठून खर्चाचा हिशेब विचारू शकतो, निदान कायद्यानं. आता कुणी म्हणेल, ग्रामसभेत आपल्याला कोण बोलू देत होतं? खरंय. पण बोलू न देणं हा तिथं गुन्हा होता, इथं ती सोयच नाही. दोन, जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या मतदानातनं पाटणकर बाहेर पडले. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांचा पंधरा टक्के, जिल्हा परिषदेचा वीस टक्के, समाजकल्याणची वस्ती सुधारणा, ही ओळखीची दारं बंद झाली. शहरी योजनांची दारं वेगळी, अर्ज वेगळे. आपल्या पोरांनी ती दारं शोधायला पाहिजेत. कोण येऊन सांगणार नाही. तीन, नगर झालं की गटार, कचरा, सफाई आली आणि ठेकेदार आला. त्या ठेक्यावर कुणाची पोरं लागतात, हातमोजे-बूट मिळतात का, किमान वेतन मिळतं का, यावर पहारा ठेवा. ढोर ओढायचं सोडलं ते नव्या नगराचा झाडू जातीवर घ्यायला नव्हे.

चौथी गोष्ट जमिनीची. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. वतनाच्या जमिनी आकाराच्या तिप्पट रक्कम भरून परत मिळायच्या, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येण्याच्या शर्तीवर. सातबाऱ्यावर वर्ग सहा ब लिहिलेलं असतं ते हेच. गावाजवळची ही जमीन गाव होतं तोवर कुणाला नको होती. आता तिथं प्लॉट पडतील. एजंट येईल, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा मागील, निम्म्या किमतीत इसार देईल. महार वतनाच्या जमिनींचं शहरांच्या कडेला काय झालं ते पुण्या-मुंबईभोवती जाऊन बघा. कागद वाचल्याशिवाय सही नको, घरातल्या बायांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

पाचवी गोष्ट राखीव जागांची, आणि इथं रकाना पुन्हा येतो. नगरपंचायतीला सतरा जागा. अनुसूचित जातीची जागा लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे एका जागेला सहा टक्क्यांना जरा कमी. अर्धा किंवा वरचा अपूर्णांक एक धरतात, खालचा सोडतात. समजा, बारा हजारांचं गाव आहे. आपली नोंद ९६० झाली तर हिशेब येतो १.३६, जागा एक. नोंद १,०८० झाली तर १.५३, जागा दोन. फरक एकशेवीस माणसांचा! वीस-पंचवीस घरं! आणि राखीव प्रभाग कुठला, तर जिथं अनुसूचित जातीचं प्रमाण जास्त तिथला. वीस घरांनी जातीच्या रकान्यात नुसतं "बौद्ध" लिहिलं, किंवा "जात नाही" म्हणून सांगितलं, तर ती घरं या हिशेबातनं गेली. २०११ ला महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. त्यातले अनुसूचित जातीत धरलेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांतले पुष्कळ कोण आहेत ते तुम्हीच ओळखा.

मला माहीत आहे, यावर आपल्यात भांडण आहे. काहीजण म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आता जात तोंडानं का उच्चारायची? हा प्रश्न खोटा नाही. ज्यानं तो विचारला नाही त्याला धम्म कळलाच नाही. पण धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा वेगळा. धर्मात बौद्ध लिहिणं ही आपली घोषणा. जातीत यादीतलं नाव लिहिणं ही आपली श्रद्धा नव्हे, ती समाजानं आपल्यावर केलेल्या गुन्ह्याची नोंद आहे. आरोपीचं नाव पंचनाम्यातून फिर्यादीनंच खोडायचं काय? माझं मत, दोन्ही रकाने भरा. "दलित", "हरिजन", "नवबौद्ध" असलं काही जातीच्या रकान्यात चालत नाही, कारण ते यादीत नाही. ज्याचं मन होत नाही त्याच्यावर जबरदस्ती नको. पण परिणाम काय होतो तो हिशेब त्याच्यापुढं मांडा आणि मग त्यानं ठरवावं.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पाटणच्या प्रभागांचा हिशेब २०११ च्या आकड्यांवर चालत आला. आता जनगणना २०२७ साली, आणि तीत सगळ्यांची जात विचारायची, असं केंद्र सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. तोवर आपल्या वस्तीची वही आपण करावी. घरवार, माणूसवार. मुंबईत कोण, गावात कोण, वेगळं लिहावं. वहीत जमिनीचा गट नंबर आणि सहा ब चा शेरा टिपावा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून जुन्या हद्दी काढाव्यात. प्रभागरचनेचा मसुदा लागला की नकाशा घेऊन बसावं, वस्ती दोन प्रभागांत कापली आहे का ते बघावं. हरकतींना मुदत थोडीच असते. अर्ज साध्या कागदावर चालतो, दोन प्रती काढाव्यात आणि दुसरीवर शिक्क्यासकट पोच घेतल्याशिवाय कचेरीतनं हलू नये.